साहेबांच्या सहजीवनाचं नुकसान

साहेब पडले ते फरशीच्या दुकानात. ओल्या फरशीवरून घसरलेल्यांचे दावे लढवून ज्यांनी ऑफिस उभं केलं, दोन्ही मुलांना वकील केलं आणि निम्म्या शहरातल्या दुकानदारांना 'सावधान, फरशी ओली आहे' अशा पिवळ्या पाट्या विकत घ्यायला लावल्या, ते साहेब न्हाणीघरासाठी फरशा बघायला गेले आणि "हिच्यावरून पाय घसरूच शकत नाही" असं विक्रेता सांगत असतानाच त्याच्या पायाशी आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवतानाही ते विव्हळत नव्हते, ओरडत होते, "पाटी नव्हती! अरे, कुणीतरी फोटो काढा, पाटी नव्हती!"

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी धाकटी नवऱ्याला घेऊन माहेरी पोचली, तेव्हा साहेब खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पाय लांब करून बसले होते. वॉकर बाजूला उभा होता. साहेबांची कुणाशी तरी गप्पांची मैफल रंगली होती.

"तेव्हा मी न्यायाधीशांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालो..."

"किती कसोटीचा प्रसंग!" एक गोड आवाज म्हणाला. "मग पुढे काय झालं, साहेब?"

धाकटीने आजूबाजूला पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साहेबांच्या मांडीवर टॅबलेट होता. ज्युनियर बोलत होता.

ज्युनियर म्हणजे दादाने गेल्या वर्षी ऑफिसात आणलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. दादाने तिला एक भारदस्त नाव दिलं होतं, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. साहेब 'नवा ज्युनियर' म्हणाले आणि तेच चिकटलं. आवाज वहिनीने निवडला होता, कारण ऑफिसचा सगळा कारभार तीच पाहायची. हा ज्युनियर अपघातात सापडलेल्या माणसांशी फोनवर बोलायचा, डॉक्टरांचे कागद वाचायचा, दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचा, विमा कंपनीला पाठवायचा मसुदा तयार करायचा आणि समोरून आलेली तडजोड पत्करावी की नाही तेही सांगायचा. पूर्वी ज्याला महिने लागत, ते आता जेवणाच्या सुटीत उरकायचं. फक्त सही त्याला करता येत नव्हती. कायद्याला सही माणसाचीच लागते, आणि ती धाकटीची असायची. कोर्टात उभं राहायचं कामही तिचंच. दादा कोर्टात उभा राहिला की त्याला घाम फुटायचा. म्हणून तो ऑफिसचं भवितव्य बघायचा.

"आलीस का?" साहेब म्हणाले. "बस. हा माझी कैफियत घेतोय. गेले तीन दिवस चाललंय. काय ऐकतो गं हा! मधे एकदाही तोंड घालत नाही. तुम्ही पोरं माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही."

"त्याला दुसरीकडे कुठे जायचं नसतं, साहेब," धाकटी म्हणाली.

घरात सगळेच त्यांना साहेब म्हणत. मुलं, सून, जावई, आणि आईसुद्धा. आईच्या तोंडी मात्र त्या शब्दाला एक बारीक काटा असायचा. तो साहेबांना इतक्या वर्षांत कधी टोचला नव्हता.

दादाने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं ते साहेबांची तब्येत बघायला म्हणून. पण जेवणं होऊन ताटं उचलली जाताच त्याने लॅपटॉप उघडला, आणि कशासाठी बोलावलंय ते धाकटीच्या ध्यानात आलं.

"साहेबांचा दावा तयार आहे," दादा म्हणाला. "फक्त आईचं प्रतिज्ञापत्र बाकी आहे. वाचतो, मग आई सही करेल. पाच मिनिटांचं काम."

हे ऐकताच जावई खुर्ची सरकवून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. फरशीच्या दुकानाचा विमा नेमका त्याच्याच कंपनीचा होता आणि तो त्या कंपनीचा वकील होता. त्याने पहिल्याच दिवशी साहेबांना सांगून टाकलं होतं, "या प्रकरणाशी माझा संबंध नाही. मी काही ऐकणार नाही, काही बोलणार नाही." तेव्हापासून दाव्याचा विषय निघाला की तो गॅलरीत जायचा, आणि दावा सोडून दुसरा विषय या घरात हल्ली निघतच नसल्यामुळे त्याचं बरंचसं जावईपण कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी चाललं होतं. गॅलरीचं दार नीट लागत नसे. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण बोलायची नाही असं ठरलं होतं.

दादाने घसा साफ केला.

"'मी शपथेवर सांगते की, अपघातापूर्वी माझे पती मला स्वयंपाकघरात रोज प्रेमाने मदत करीत असत...'"

आई पाणी पीत होती. तिला असा ठसका लागला की वहिनी धावत जाऊन तिची पाठ चोळू लागली.

"कुठल्या स्वयंपाकघरात?" ठसका ओसरल्यावर आईने विचारलं.

"आई, पुढे ऐक तर."

"नाही, मला कळू दे. यांचं दुसरीकडे कुठे स्वयंपाकघर आहे का? कारण या घरातलं कुठल्या बाजूला आहे हे यांना विचारून बघ."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. दादा नेटाने पुढे वाचू लागला.

"'रोज संध्याकाळी आम्ही हातात हात घालून फिरायला जात असू. नातवंडांना उचलून कडेवर घेण्याचं सुख आणि सांजवेळी आपल्या हातांनी फुलवलेल्या बागेत रमण्याचं समाधान या अपघाताने त्यांच्यापासून कायमचं हिरावून घेतलं आहे.'"

 हे घर पाचव्या मजल्यावर होतं. बाग म्हणावं असं घरात काही असेल तर ती गॅलरी, आणि गॅलरीत सध्या दोन चादरी आणि एक जावई होता.

"दादा," धाकटी म्हणाली, "यांना नातवंडं नाहीत."

"अजून नाहीत," दादा म्हणाला. "भावी नुकसान धरता येतं."

वहिनीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्याला दिसली असती तर तो विषय तिथेच संपला असता. पण दादा पडद्याकडे बघत होता.

"हे बघ, आई," तो म्हणाला, "कायद्यात याला सहजीवनाचं नुकसान म्हणतात. नवरा जायबंदी झाला की बायकोचंही काहीतरी जातं, त्याची भरपाई मिळते. ज्युनियरने अशा शेकडो दाव्यांचा अभ्यास केलाय. कुठलं वाक्य चालतं, कुठलं चालत नाही, त्याला बरोबर ठाऊक आहे. तू फक्त सही कर."

"जे मला कधी मिळालंच नाही, ते गेलं म्हणून शपथेवर कसं सांगू?"

"सगळेच सांगतात."

गॅलरीचं दार सरकलं. जावयाने डोकं आत घातलं. माणूस स्वभावाने मवाळ, पण बराच वेळ उन्हात उभा होता.

"मी या दाव्याबद्दल बोलत नाहीये," तो म्हणाला. "एक आपलं सर्वसाधारण कुतूहल. तुमच्या सगळ्याच अशिलांना बागकाम कसं काय आवडतं?"

धाकटीने वळून पाहिलं. "सगळ्याच म्हणजे?"

"हे मी खरं तर बोलायला नको."

"डोकं आत घातलंयस तर बोल आता."

जावई आत आला. त्याने दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, ते लागलं नाही. "आमच्याकडेही असाच एक ज्युनियर आहे. त्याने तुमचे या वर्षीचे मसुदे एकमेकांशेजारी मांडले. बसचा ड्रायव्हर, गणिताची शिक्षिका, उंच इमारतींच्या काचा पुसणारा, सगळे जण सांजवेळी आपल्या हातांनी फुलवलेल्या बागेत रमायचे. एक तर खलाशी आहे. तो वर्षातले दहा महिने बोटीवर असतो."

"मग तुमच्या कंपनीने तक्रार का नाही केली?" दादाने तावातावाने विचारलं.

"तक्रार कशाला करतील? सगळे जाम खूश आहेत. आमचा ज्युनियर प्रत्येक मागणीतून बाग वजा करतो, नातवंडं वजा करतो, उरलेल्याच्या निम्मं देऊ करतो आणि तुमचा ज्युनियर लगेच हो म्हणतो. दोघांचं फार छान जमतं. आमचे वरिष्ठ म्हणतात, असा प्रतिपक्ष सगळ्यांना मिळो."

दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. पण धाकटी त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर सह्या नाचत होत्या. तिच्या स्वतःच्या सह्या, झोकदार, एका रेषेत, प्रत्येक बागेखाली एकेक. तिने ते मसुदे वाचलेच नव्हते असं नाही. एकेक वाचले होते, वेगवेगळ्या दिवशी, कोर्टाच्या जिन्यात उभं राहून. एकेकटा वाचला तर प्रत्येक मसुदा चांगला होता. डोळ्यांत पाणी आणणारा होता.

"सनद माझी जाईल, दादा," ती म्हणाली. "तुझ्या ज्युनियरला सनद नाही."

"इतकं काही होत नाही. शब्द थोडे सारखे आले म्हणून..."

"शब्दांचं सोड. तो बेकरीवाला आठवतो? स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागलेला?"

"किरकोळ प्रकरण. जखम भरली. ज्युनियरने वेदना किती विचारलं, तो स्वतः म्हणाला शून्य."

"शून्यच आहे. परवा तो सहीसाठी आला तेव्हा मी सहज विचारलं, आता कसं वाटतंय. तो म्हणाला, दुखत काही नाही, पण वास येत नाही. कशाचाच. पाव करपला तरी कळत नाही. भट्टीसमोर जन्म काढलेला माणूस आता पाव झाला का हे बायकोला विचारतो, आणि गिऱ्हाइकांसमोर विचारायची लाज वाटते म्हणून दुकानातच जात नाही. मी म्हटलं, हे तुम्ही फोनवर का नाही सांगितलंत? तर म्हणाला, त्यांनी दुखतंय का एवढंच विचारलं."

"मग ते घालू की मसुद्यात."

"मी कळवल्यावर तुझ्या ज्युनियरने घातलंय ना! बागेतल्या फुलांचा सुगंध घेण्याचं समाधान हिरावलं गेलं, असं घातलंय. हा मनुष्य पावाबद्दल बोलतोय आणि आपण फुलांबद्दल. आणि उद्या त्याची तडजोड मान्य करायची आहे, किरकोळ म्हणून."

दादा गप्प बसला नाही. तो मूळचा वाईट नव्हता आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. "तू एकेकाशी दोन-दोन तास बोलायचीस," तो म्हणाला, "आणि बाहेर बाकावर माणसं प्लास्टरमध्ये ताटकळत बसायची. ती गिरणीवाली आठवते? तिच्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा ती जिवंत नव्हती. तिच्याबद्दल तुला सगळं माहीत होतं. काय उपयोग झाला तिला?"

हे धाकटीला लागलं, कारण ते खरं होतं. ती उत्तर शोधत होती तेवढ्यात आरामखुर्चीतून साहेबांचा आवाज आला.

"ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"सांजवेळी आपल्या हातांनी फुलवलेल्या बागेत रमण्याचं समाधान." साहेबांनी ते डोळे मिटून, अगदी चाल लावल्यासारखं म्हटलं. "मी सांगितलं, टंकलेखनिकाने टाइप केलं. कोर्टात वाचलं तेव्हा समोरच्या वकिलाने रुमाल काढला होता. म्हटलं तरी, हे ओळखीचं का वाटतंय!"

दादा उजळला. "बरोबर आहे, साहेब! तुमच्या सगळ्या जुन्या फायली मी स्कॅन करून त्याला दिल्या. त्या वाचूनच तो शिकलाय. तो तुमचाच शिष्य आहे."

"मग त्याला सांग, उचलेगिरी करतोस तर नाव तरी घे."

"साहेब," धाकटी म्हणाली, "ते वाक्य कुणासाठी होतं?"

साहेबांनी डोळे उघडले. "कुणासाठी म्हणजे? अशिलासाठी. सार्वजनिक उद्यानातला माणूस होता. अंगावर फांदी पडली."

"काय करायचा तो तिथे?"

"माळी होता," साहेब म्हणाले, आणि बोलता बोलता जरा थांबले. "खरोखरचा माळी होता तो."

"आणि त्याच्यानंतर?"

"नंतर..." साहेबांनी हात हलवला. "नंतर वाक्य चांगलं होतं. चांगलं वाक्य माणूस टाकून देतो का? पुढे एका पोस्टमनला वापरलं. एका शिंप्याला. चालायचं दर वेळी."

आईने या सगळ्या वेळात टेबल पुसून काढलं होतं. आता ती फडकं हातात धरून उभी राहिली. "म्हणजे याने काही नवीन केलं नाही," ती म्हणाली. "तुमचंच चालवतोय. फक्त तुमच्यापेक्षा भराभर."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. जावयाला हसू आवरेना म्हणून तो पुन्हा गॅलरीकडे वळला, पण दाराशीच रेंगाळला.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "तुला तरी हे पटतं का?"

वहिनी आतापर्यंत नवऱ्याच्या बाजूने होती. तशी ती नेहमीच असायची, कारण घरी जाताना गाडीत त्याच्याशेजारी बसायचं असायचं. पण भावी नातवंडांचं वाक्य तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. ती शांतपणे दादाला म्हणाली, "एक सांग. उद्या तू पडलास तर माझ्या नावावर हा काय लिहील?"

"काय लिहील? हेच. थोडाफार फरक करून."

"तू मला स्वयंपाकघरात मदत करतोस असं?"

दादाने मदतीसाठी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना त्या क्षणी वॉकरच्या रबरी टोकात फार रस वाटू लागला होता.

"मग नकोच," वहिनी म्हणाली. "मी नाही सही करणार. आईंनीही करू नये."

बाजी अशी पालटली. धाकटीने पिशवीतून कोरे कागद काढले, खुर्ची ओढून आईच्या समोर ठेवली आणि आईला हाताला धरून बसवलं. ऑफिसात ती अशिलांना बसवायची तसंच. टेबल मधे ठेवायचं नाही, हे तिने स्वतःच ठरवलेलं होतं.

"आई, यात सहजीवन वगैरे काही नाही. साहेब पडल्यापासून तुझं काय बिघडलं? खरं काय ते सांग."

"माझं काय बिघडणार? हाड यांचं मोडलंय."

"तरी. पडायच्या आदल्या दिवशी काय होतं, जे आता नाही?"

आईने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. धाकटी थांबली. हे थांबणं तिला येत होतं. दादा काहीतरी बोलायला गेला, तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"दुपार," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी दुपार गेली. हे ऑफिसला गेले की घर माझं असायचं. दुपारी मी पोहायला जायचे."

धाकटीचं पेन थांबलं. "कुठे?"

"तलावावर. पोस्टाच्या मागे आहे तो. दुपारी बायकांची वेळ असते."

"तू पोहतेस?" दादा ओरडलाच. "तू? कधीपासून?"

"तुमची लग्नं झाली, घर रिकामं झालं, तेव्हा शिकले. पहिले काही महिने दांडीला धरून नुसते पाय मारले. मग एकदा हात सुटला. आता खोल बाजूला जाते. उथळ बाजूला मजा नाही, गुडघे टेकतात."

खोलीतली माणसं आईकडे अशी बघत होती, जणू तिने परदेशी भाषा बोलायला सुरुवात केली होती. धाकटीला एकदम आठवलं की दुपारी घरी फोन केला तर तो बरेचदा वाजतच राहायचा. आई झोपली असेल असं समजून ती ठेवून द्यायची. इतकी वर्षं. लोकांची दुखणी खणून काढणारी आपण, तिच्या मनात आलं, हिला एकदा विचारलं नाही, कुठे होतीस.

"आम्हाला कधी बोलली नाहीस," ती हलकेच म्हणाली.

"कुणी विचारलं नाही. आणि सांगितलं असतं तर यांनी आधी तलावाच्या काठची फरशी बघायला माणूस पाठवला असता."

हे इतकं खरं होतं की साहेबांनाही नाकारता येईना.

"आता काय होतं दुपारी?"

"आता हे घरी असतात. पाच मिनिटांनी हाक. चष्मा कुठे, उशी सरकव, पंखा वाढव, पंखा कमी कर, अगं तू कुठे आहेस. मी तीन हातांच्या अंतरावरच उभी असते. रात्री अंगावर पाणी नसल्यासारखं होतं मला. जड होतं सगळं. पाण्यात माझे गुडघे दुखत नाहीत. बाहेर दुखतात." आई थांबली. "यांचं हाड जुळेल. डॉक्टर म्हणाले, चालतील हे. पण तोवर मी पाण्याबाहेर आहे, आणि हे कुणाच्या हिशेबातच नाही. लिहून घेतलंस?"

"घेतलं."

दादाने सवयीने ते सगळं लॅपटॉपमध्ये टाइप केलं होतं. ज्युनियरचा गोड आवाज आला, "आपल्या भावनांबद्दल आम्हाला मनापासून सहानुभूती आहे. मात्र हे निवेदन दाव्याला बाधक ठरू शकतं. त्याऐवजी असं सुचवतो: आम्ही दोघं दररोज हातात हात घालून तलावाकाठच्या बागेत..."

"बंद कर त्याला," वहिनी म्हणाली.

दादाने बंद केला. मग हिरमुसून म्हणाला, "पण हे पाठवायचं कसं? साहेब घरी असणं हेच नुकसान, असा याचा अर्थ होतो. लोक हसतील. साहेबांची काय इज्जत राहील?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या घरात मी बसलो," ते म्हणाले, "तर त्याची भरपाई मागायची? मी काय गळकं छप्पर आहे?"

"तसं मी म्हटलं नाही," आई म्हणाली. "पण उपमा चांगली आहे."

साहेब ताडकन उठायला गेले, खुब्यातून कळ आली आणि खाली बसले.  मग त्यांनी धाकटीपुढे हात केला. तिने कागद दिला. चष्मा शोधण्यासाठी हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आणि स्वतःच खिशात हात घातला. चष्मा खिशातच होता.

त्यांनी वाचलं. एकदा नवऱ्यासारखं वाचलं, ते ओठांवरून कळत होतं. मग दुसऱ्यांदा वाचायला लागले आणि धाकटीच्या लक्षात आलं की आता वकील वाचतोय. कपाळावरची आठी वेगळी होती.

"तलावाचा पास आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. दर वर्षीचा," आई म्हणाली.

"हजेरी लागते?"

"लागते."

"तिथलं कुणी ओळखतं तुला?"

"सगळे ओळखतात. शिकवणारी बाई रोज निरोप पाठवते, कधी येताय म्हणून."

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या जावयाकडे त्यांनी पाहिलं. जावयाने काही ऐकलं नव्हतं आणि तो काही बोलणार नव्हता, पण त्याचा चेहरा एखाद्या वकिलाला समोरून भक्कम साक्षीदार येताना दिसल्यावर होतो तसा झाला होता.

"जावईबापू, बाहेर जा," साहेब म्हणाले. तो गेल्यावर दादाकडे वळले. "याच्यातला एक शब्द बदलायचा नाही. ही साक्षीदार उलटतपासणीत फुटणार नाही. मी स्वतः फोडून बघितली असती तरी नसती फुटली."

"पण साहेब, तुमची इज्जत..."

"इज्जत खुब्याबरोबर मोडली. सही घे तिची."

आईने सही केली. तिची सही लहान मुलीसारखी गोल होती. धाकटीने तिच्याखाली आपली केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "आणि दादा, यापुढे ज्या माणसाशी मी बोलले नाही, त्याच्या कागदावर माझी सही नाही. ज्युनियरने डॉक्टरांचे कागद वाचावेत, तारखा लावाव्यात. माणसांना प्रश्न मी विचारणार. तू पण विचारायचे. घाम आला तर पुसायचा. बेकरीवाल्याची तडजोड उद्या मी नाकारतेय."

"म्हणजे पुन्हा बाहेर बाकावर माणसं."

"बाकावर उशा टाकू," वहिनी म्हणाली.

"आणि ज्यांच्या तडजोडी झाल्या? तो खलाशी, ती शिक्षिका?"

 त्यांनी सह्या केल्या होत्या, प्रकरणं बंद झाली होती. समुद्रावर कुठेतरी एक माणूस कधीही न लावलेल्या बागेची निम्मी भरपाई घेऊन गप्प बसला होता, आणि त्याचं खरोखर काय गेलं ते आता त्याच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. दादाने लॅपटॉप मिटला. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांतून थोडी हवा गेल्यासारखी दिसली. धाकटीला वाटलं, याला काहीतरी बरं बोलावं. पण तिला स्वतःच्या सह्यांची इतकी लाज वाटत होती की त्याला द्यायला काही उरलं नव्हतं.

साहेब कागदाकडे बघत बसले होते. "खोल बाजूला?" त्यांनी हळूच विचारलं. "तुला भीती नाही वाटत?"

 आई आत गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या खांद्याला एक निळी पिशवी होती आणि त्यातून टॉवेलचं टोक बाहेर आलं होतं. तिने टेबलावरचं फडकं उचलून दादाच्या हातात दिलं, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडलं.

"अगं, निघालीस कुठे?" साहेब म्हणाले. "मी इथे असा पडलेला!"

"नुकसान भरून काढायला," आई म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली. साहेबांनी हाक मारण्यासाठी श्वास घेतला. मग तो तसाच हळूहळू सोडून दिला, आणि फडकं हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, "अरे, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते बघ जरा. मला पाणी हवंय."